बार्शी लाइटची पहिली इंजिने

सोलापूर जिल्ह्यात १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेची पहिली वाफेची इंजिने जतन झाली नाहीत, ही हानी स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट ठेवले आणि इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर, म्हणजे चाकांची जोडी सांधणाऱ्या दांड्यावर, पाच टनांहून अधिक भार पडू नये असा दंडक घातला. त्यामुळे हलके, स्वस्त रूळ पुरले आणि तरीही जड मालवाहतूक शक्य झाली. लीड्सच्या किटसन कारखान्याने याच दंडकानुसार आठ जोडचाके व मागे चार लहान चाके असलेली, पाण्याची टाकी अंगावरच वाहणारी इंजिने घडवली. या अनुभवाच्या बळावर कॅलथ्रॉप यांनी इंग्लंडमधील स्टॅफर्डशायरमध्ये १९०४ साली लीक-मॅनिफोल्ड रेल्वेमार्ग उभारला.

बार्शीचा मार्ग १९०६ साली पंढरपूर, १९११ साली लातूर आणि १९२७ साली मिरज गाठत वाढला आणि वारकऱ्यांची सोय झाली. १९५४ साली तो सरकारकडे गेला आणि अखेर रुंदीकरणात त्याचे मूळ रूप संपले. पंढरीच्या वाटेवर राबलेल्या त्या पहिल्या यंत्रांपैकी एकही जिल्ह्याला राखता आले नाही, हे वेदनादायक आहे. आता निदान शुक्रवार पेठेसह सोलापुरातील घरांत व पेढ्यांत बार्शी लाइटची छायाचित्रे, तिकिटे किंवा मालाच्या पावत्या असतील, तर त्यांच्या प्रती काढून जिल्हास्तरावर संग्रह उभारण्याचे काम याच वर्षी सुरू व्हावे.

— संपादक, शुक्रवार पेठ, सोलापूर