आधी उंची, मग कॅम्बर

खाली बसवलेल्या ट्रकचे पुढचे टायर आतल्या कडेने झिजले, की पहिला आळ अलाइनमेंट करणाऱ्यावर येतो. बहुतेक वेळा त्यात त्याची चूक नसते. एअर स्प्रिंगवरचा ट्रक आज एका उंचीवर आणि उद्या दुसऱ्या उंचीवर धावत असेल, तर कारागिराने लावलेला कोन टिकणार कसा?

गाडी खाली बसवण्याच्या हौसेचे माहेर कॅलिफोर्निया. तिथल्या वाहन संहितेचे कलम २४००८ (२०२४पासून ते रद्द झाले) सांगत असे, की बदल केलेल्या गाडीचा, चाके सोडून, कोणताही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. १९५९च्या सुमारास रॉन अगिरे यांनी आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक्स बसवून त्यातून वाट काढली. पुढे ही हौस पिकअप ट्रकांपर्यंत पोचली. उंची हवी तशी बदलता येऊ लागली, पण चाकाचा कोन उंचीबरोबर बदलायचा तो बदलतच राहिला.

फोर्डचेच पाहा. १९६५मध्ये एफ-१०० ट्रकला ट्विन आय-बीम सस्पेन्शन आले. दोन लांब बीम, प्रत्येकाची बिजागरी पलीकडच्या बाजूला. ट्रक खाली आला की चाकाचा माथा आत कलतो. हाच ऋण कॅम्बर. नंतरच्या बॉल जॉइंटच्या बीमवर विकेंद्री बुश फिरवून थोडा कोन परत मिळतो. पण ट्रक फार खाली आणला असेल, तर बुश अपुरा पडतो. तिथे चाकाची बैठक वर घेतलेला ड्रॉप बीमच हवा. शेव्हरोले एस-१०मध्ये दोन आर्म असतात, वरचा आखूड. आखूड स्प्रिंग घातली की वरचा आर्म चाकाचा माथा आत ओढतो. ड्रॉप स्पिंडल, म्हणजे चाकाची बैठक वर घेतलेला स्पिंडल, घातला तर आर्म मूळ जागीच राहतात आणि कॅम्बर जवळजवळ हलत नाही. म्हणून असा दोन आर्मचा ट्रक खाली आणायचाच असेल, तर आमच्या मते सुरुवात स्पिंडलपासून करावी. शिम, म्हणजे आर्मच्या बैठकीतल्या पातळ चकत्या, बदलून कोन जुळवणे त्यानंतरचे काम.

टायरवरून एकदा हात फिरवून पाहा. आतली कड सलग, गुळगुळीत झिजली असेल तर संशय कॅम्बरवर. एका दिशेने हात सरकत असेल आणि उलट दिशेने कड करवतीसारखी टोचत असेल, तर दोष ‘टो’चा, म्हणजे चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा. उंची बदलली की टोही बदलतो आणि टायर खाण्यात तो कॅम्बरच्या पुढे असतो. शिवाय बाकीचे कोन हलवले की टोही हलतो, म्हणून क्रम पाळावा: कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागेपुढे कल), कॅम्बर, शेवटी टो.

अलाइनमेंटला जाण्यापूर्वी रोजच्या चालीची उंची ठरवा. सपाट जमिनीवर, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजून ती लिहून ठेवा. नुसत्या हवेच्या दाबावर विसंबू नका. सामान चढले की त्याच दाबाला ट्रक आणखी बसतो. कारागिराला तोच आकडा द्या आणि रस्त्यावरही त्याच उंचीवर ट्रक चालवा. जमिनीला टेकवायची हौस ट्रक उभा असताना भागवावी.