जामिनाचा आदेश आणि बंद पडलेला संगणक

नाशिकरोडचे मध्यवर्ती कारागृह महाराष्ट्राला नवे नाही. १९७५च्या आणीबाणीत ‘मिसा’खाली येथे डांबलेल्यांच्या घरांनी सुटकेच्या कागदाची वाट पाहणे म्हणजे काय, हे भोगले आहे. आणीबाणी सरली; ते वाट पाहणे मात्र सरलेले नाही.

ऑक्टोबर २०२१मध्ये मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाबाहेरील जामीनपेटीत ठरल्या वेळेपर्यंत आदेश पडला नाही, म्हणून एका बड्या अभिनेत्याच्या मुलाला आणखी एक रात्र कोठडीत काढावी लागली. वृत्तवाहिन्यांनी आकाशपाताळ एक केले. ज्याचा बाप अभिनेता नाही, त्याच्या अशा रात्री कोण मोजतो?

सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी यावर उपाय सांगितला. जामीन मंजूर करणाऱ्या न्यायालयाने आदेशाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृह अधीक्षकांकडे पाठवावी. अधीक्षकांनी जामिनाची तारीख ‘ई-प्रिझन्स’ प्रणालीत नोंदवावी. सात दिवसांत सुटका न झाल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. निर्देश स्वच्छ आहेत. पण सगळी भिस्त एका संगणकावर! तो बंद पडला, जोडणी तुटली, प्रवेशाची तारीख चुकीची नोंदली गेली, तर ते कोणी निस्तरायचे? बंदोबस्ताच्या शिपायाने? १८९४च्या कायद्याने तुरुंगाला अधीक्षक दिला, वैद्यकीय अधिकारी दिला, जेलर दिला. त्या काळी संगणक नव्हता, हे इंग्रजाचे निमित्त समजण्यासारखे आहे. आमचे निमित्त कोणते? यंत्रखरेदीच्या निविदा निघतात, फिती कापल्या जातात. यंत्र सांभाळणाऱ्या माणसाचे पद मात्र आस्थापनेवर मागायचे कोणाला सुचत नाही.

‘गुन्हेगारांचे हे चोचले कशाला?’ असे सुशिक्षित घरांतूनही विचारले जाते. २०२२च्या अखेरीस देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांचा गुन्हा सिद्ध झालेलाच नव्हता. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ने १ जुलै २०२४पासून अशांना मोठा दिलासा दिला. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळता, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की तो जामिनाला पात्र होतो. त्यासाठी न्यायालयाला लेखी कळविण्याचे कर्तव्य अधीक्षकांचे. हा हिशेब नोंदींवरूनच व्हायचा. नोंद चुकली की दिवस चुकला, आणि चुकलेला दिवस कैद्याच्या खात्यावर!

त्याच नाशिकरोडला देशाच्या चलनी नोटा छापल्या जातात. तेथील यंत्राशेजारी तंत्रज्ञ नाही, अशी कल्पना तरी कोणी करील काय? अभियांत्रिकी महाविद्यालयांनी गजबजलेल्या या जिल्ह्यात एका कारागृहाला एक कायम तंत्रज्ञ मिळू नये, हे पटण्यासारखे नाही. गृहखात्याने प्रत्येक मध्यवर्ती कारागृहासाठी असे पद मंजूर करावे आणि तो रजेवर असेल त्या दिवशी कोण, हेही त्याच आदेशात लिहावे.