साधी नाहीये ती!

परवा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, नव्यानेच जॉइन झालेल्या एका मुलीवरून विषय निघाला. कुणीतरी म्हणालं, "साधी नाहीये हं ती!" टेबलावरच्या चौघांनी माना डोलावल्या. मी मात्र तिथेच अडकले. साधी नाही म्हणजे काय, भपकेबाज? छे! म्हणजे पोचलेली, आतल्या गाठीची. बिचारीने केलं काय होतं, तर पगाराच्या स्लिपबद्दल एचआरला दोन प्रश्न विचारले होते.

'साधा' हे तसं दिसायला अगदी साळसूद विशेषण. (हिंदी-गुजरातीत तो 'सादा', आपल्याकडे 'ध'.) पण गंमत बघा. साधा डोसा म्हणजे आत भाजी नसलेला. साधी एसटी म्हणजे निमआराम नव्हे ती. साधी कैद म्हणजे सक्तमजुरी नसलेली. साध्या वेशातला पोलीस म्हणजे वर्दी नसलेला. काय आहे ते हा शब्द सांगतच नाही, काय नाही तेवढंच सांगतो! माणसांना लावला की मात्र कौतुक होतं. भालजी पेंढारकरांनी १९६५ साली 'साधी माणसं' काढला, तेव्हा त्या माणसांत काही कमी आहे असं कुणाला वाटलं नसणार. लग्नाच्या प्रोफाइलमध्ये 'साधी, घरगुती मुलगी हवी' असं लिहितात तेव्हा मला मात्र डोसाच आठवतो. काय नसलेली हवीये नक्की? बहुतेक प्रश्न.

आमच्या घरी या शब्दाचा खास मालक म्हणजे बाबा. त्यांचं कुठलंही दुखणं साधंच. साधा ताप, साधी कणकण. गेल्या दिवाळीनंतर फोनवर म्हणाले, "काही नाही गं, साधी अ‍ॅसिडिटी." मीपण "इनो घ्या" म्हटलं आणि मीटिंगमध्ये शिरले. दोन दिवसांनी ईसीजी काढला तेव्हा कळलं, तो हार्ट अ‍ॅटॅक होता.

आता बरे आहेत. पण ते 'साधं' म्हणाले की मी उलटतपासणी सुरू करते. छातीत नाही ना? घाम नाही ना? जिना चढताना दम नाही ना लागत? ते जाम वैतागतात. "तू काय वकील झालीस का?" काल रात्रीही तेच झालं. शेवटी हळूच म्हणाले, "डावा खांदा जरा धरलाय. साधाच."

आईला फोन करून आजच्या आज डॉक्टरकडे न्यायला सांगितलंय, आणि मी रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलंय. निमआराम फुल होती, साधीच मिळाली.