जनपदोद्ध्वंस आणि लस

स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी पुण्यात घेतला तो ऑगस्ट २००९ मध्ये. त्यानंतरचे दिवस आपणांपैकी अनेकांच्या स्मरणात असतील. कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या हुंगल्या जाऊ लागल्या. तुळस, सुंठ, गुळवेलीच्या काढ्यांना मागणी वाढली. पुढे लस उपलब्ध झाल्यावर रुग्ण विचारू लागले, "वैद्यराज, लस घ्यावी का?" तेव्हा "काढा चालू आहे ना, मग लस कशाला?" असे उत्तर देणाऱ्यांत आम्हीही होतो. ते उत्तर चुकीचे होते, हे येथे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो.

त्या उत्तराला शास्त्राचाही आधार नव्हता. चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायानुसार वायू, उदक, देश व काल बिघडले की भिन्न प्रकृतीची, भिन्न बलाची माणसेही एकाच व्याधीने ग्रस्त होतात. म्हणूनच आपत्ती येण्यापूर्वी औषधींचा संग्रह करावा, असे आत्रेय अग्निवेशास बजावतात. संपर्क व निःश्वास यांतून ज्वरादी व्याधी एकाकडून दुसऱ्याकडे जातात, हे सुश्रुतांनीही सांगितले आहे. पूर्वसिद्धतेचा हा उपदेश शिरोधार्य मानणाऱ्याने लसीला परकी का मानावे?

फ्लूचा विषाणू रूप पालटतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. तिचे बल येण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. आपल्याकडे वर्षा ऋतूत साथ बळावते. तेव्हा ग्रीष्मातच लस घेणे श्रेयस्कर. टोचण्याच्या लसीत जिवंत विषाणू नसल्याने तिच्यामुळे फ्लू होत नाही. ती संपूर्ण संरक्षण देत नाही. तथापि व्याधी गंभीर होण्याचा धोका कमी करते. गर्भिणी, वृद्ध, मधुमेही व श्वासरोगी यांना तर ती आपण आग्रहाने सुचवावी.

लघु आहार, उष्णोदक, विश्रांती, पुरेशी निद्रा हा उपदेश आपलाच आहे आणि तो आपण करीतच राहू. मात्र धाप, छातीत वेदना वा ओठांवर निळसरपणा दिसताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. विषाणुरोधक औषध पहिल्या ४८ तासांत अधिक गुणकारी ठरते; तो काळ आपल्या पुड्यांत दवडू नये. औषधालयाच्या मालकांनीही 'फ्लूवर रामबाण' अशी पाटी दुकानात लावू नये. साथीत चार दिवस गल्ला भरेल, पण एक रुग्ण दगावला तर पिढ्यांचा विश्वास जाईल.

येत्या वैशाखात आम्ही प्रथम स्वतः लस टोचून घेणार आहोत आणि मगच रुग्णांना सांगणार आहोत. वैद्यबंधूंनीही तसेच करावे, अशी आमची विनंती आहे.