वेताळ तात्पर्य विचारत नाही



गोष्ट संपली की आपल्या तोंडून एक प्रश्न हमखास येतो, "मग, या गोष्टीचं तात्पर्य काय?" मीही वर्षानुवर्षं हेच विचारत आले. मुलं हुशार असतात. 'गर्व करू नये', 'एकीचे बळ' असं काहीतरी ठोकून देतात आणि मोकळी होतात. गोष्ट त्यांना भिडली की नाही, हे मात्र त्यातून कळत नाही.

आता विक्रम आणि वेताळ आठवा. १९५२ पासून मराठीत निघालेल्या 'चांदोबा'मुळे ही जोडी आपल्या घराघरांत पोहोचली. खांद्यावर प्रेत, हातात तलवार आणि मागे भयाण स्मशान, हे चित्र आपल्यापैकी कितीजणांनी पांघरुणात शिरून पाहिलं असेल! या कथा जुन्या आहेत. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागरा'त त्या सापडतात. वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो, "राजा, सांग, यात दोष कोणाचा?" उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील, अशी वर धमकी! म्हणजे गोष्ट ऐकणाऱ्याने स्वतःचं मत मांडलंच पाहिजे.

यातली एक गोष्ट बघा. चार भाऊ चार विद्या शिकून येतात. एका प्राण्याचं हाड सापडतं. एक त्यावर मांस चढवतो, दुसरा कातडी आणि केस, तिसरा उरलेले अवयव जोडतो, चौथा त्यात प्राण फुंकतो. तो निघतो सिंह, आणि चौघांनाही खाऊन टाकतो. 'पंचतंत्रा'तही अशीच गोष्ट आहे. तिथे एक कमी शिकलेला पण शहाणा मित्र झाडावर चढून वाचतो, आणि विद्येपेक्षा शहाणपण मोठं हे तात्पर्य आयतं हातात पडतं. वेताळ मात्र विचारतो, "चौघांत अपराधी कोण?" राजा म्हणतो, "चौथा. बाकीच्यांना कोणता प्राणी तयार होतोय हे ठाऊक नव्हतं. याला समोर सिंह दिसत होता, तरी विद्या मिरवण्यासाठी त्याने प्राण घातले."

काही वर्षांपूर्वी सहावीच्या वर्गात मी हाच प्रश्न वहीत लिहायला दिला. एका मुलाने लिहिलं, 'तिघे जास्त दोषी. सिंह दिसल्यावर त्यांनी भावाला अडवले नाही. नुसते बघत बसले.' मी त्यावर लाल फुली मारली. का? तर माझ्याकडच्या पुस्तकात राजाचं उत्तर वेगळं होतं! मुलगा काही बोलला नाही. पण त्यानंतर वाचनाच्या तासाला त्याचा हात कधी वर गेला नाही. किती उशिरा कळलं मला, की अख्ख्या वर्गात गोष्ट खऱ्या अर्थाने त्यानेच वाचली होती. वर्गात एकाला त्रास होत असताना बाकीचे नुसते बघत बसतात, हे त्याने कुठे पाहिलं असेल, हा प्रश्नही मी तेव्हा विचारला नाही. तो विचारायला हवा होता.

पालकांची तक्रार वेगळी असते. "बाई, हा सारखा कॉमिक्समध्ये नाहीतर हॅरी पॉटरमध्ये. खऱ्या जगात येतच नाही." काळजी समजू शकते. पण मिखाएल एंडे या जर्मन लेखकाच्या १९७९ च्या 'द नेव्हर एंडिंग स्टोरी' या कादंबरीत हीच काळजी गोष्टीचा विषय झाली आहे. बास्टियन हा एकटा पडलेला मुलगा शाळेच्या माळ्यावर लपून पुस्तक वाचतो आणि त्या पुस्तकातच शिरतो. तिथे त्याची प्रत्येक इच्छा पूर्ण होते, पण दर इच्छेगणिक खऱ्या जगाची एकेक आठवण पुसली जाते. शेवटी त्याला घरी, वडिलांकडे परतायचंच असतं. कल्पनेत हरवण्याचा धोका कल्पनेची गोष्टच मुलांना सांगते आहे. आपण पुस्तक हिसकावून घेतलं तर हे बोलणं अर्धवट राहतं. त्यापेक्षा शेजारी बसून विचारा, "तू बास्टियनच्या जागी असतास तर परत आला असतास का?"

अन् एखादं मूल "माहीत नाही" म्हणालं तर? वेताळाच्या शेवटच्या कोड्याला राजाकडेही उत्तर नसतं. नात्यांचा असा गुंता, की तो खरोखर गप्प होतो. त्याचं डोकं फुटत नाही. उलट वेताळ प्रसन्न होतो आणि राजाच्या जिवावर उठलेल्या कपटी भिक्षूपासून वाचायची युक्ती सांगतो. खरं 'माहीत नाही' वेताळालाही चाललं, मग आपल्याला का चालू नये?

तेव्हा एवढंच करून पाहा. या आठवड्यात एक गोष्ट वाचा आणि तात्पर्य विचारू नका. "तुला कोणाचं पटलं?", "कोणाचा राग आला?", "का?" एवढेच प्रश्न. उत्तर तुमच्या मनासारखं नसेल, तरी लाल पेन खाली ठेवा आणि आणखी एकदा "का?" विचारा.

मी आता तसंच करते. त्या मुलाची वही मात्र माझ्याकडे नाही, नाहीतर ती फुली आजही खोडली असती.