केळणेचा उतार

टेबलावर निळ्या कापडाची पट्टी अंथरली की केळणा नदी झाली. तिच्या उत्तरेला दुसरी पट्टी, ती जुई. दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या रानात शिंद्यांच्या कवायती पलटणी, शंभराच्या आसपास तोफा आणि पश्चिमेला आपल्या नागपूरकर रघूजी भोसल्यांचं घोडदळ. 23 सप्टेंबर 1803, असईची लढाई. आजच्या जालना जिल्ह्यातलं हे गाव. नागपुरात आम्ही काही मित्र बोटभर उंचीचे, हाताने रंगवलेले शिपाई मांडून ती खेळतो.

मोजपट्टी, फासे आणि नियमांची वही एवढं सामान पुरतं. अडचण एकच, टेबलावर सगळं दिसतं. असईत मात्र सारं अडलं होतं ते न दिसणाऱ्या उतारापाशी. वाटाडे इंग्रज सेनापती वेलस्लीला सांगत होते, इथे नदीला उतार नाही. त्याला समोरासमोरच्या काठांवर पिंपळगाव आणि वरूड दिसली. इतक्या जवळच्या गावांचं येणंजाणं असणारच, असा तर्क करून त्याने फौज तिकडे वळवली आणि उतार सापडला. पुढे वॉटर्लू जिंकूनही तो स्वतःची सर्वांत सरस कामगिरी म्हणून असईचंच नाव घेत असे. म्हणून आम्ही उताराची जागा चिठ्ठीवर लिहून पालथी ठेवतो. पलटण नदीत घातल्यावरच ती उलटायची. हा नियम नसेल तर मी खेळायला बसत नाही.

इंग्रज पूर्वेकडून चढून आले. शिंद्यांच्या पलटणींचा हॅनोव्हरी सेनानी पोलमन याने दक्षिणेला तोंड करून उभी असलेली अख्खी रांग तोफांसह पूर्वेकडे फिरवली. शिंद्यांच्या फौजेला हे जमेल असं वेलस्लीलाही वाटलं नव्हतं. टेबलावर ही हालचाल करताना दर वेळी माझा ऊर भरून येतो. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि शत्रू पुढे गेल्यावर उठून त्यांनी मागून गोळे डागले. इंग्रजांचे मेलेले-जखमी सुमारे 1,600 झाले.

आणि भोसल्यांचे स्वार? त्या दिवशी ते लढाईत उतरलेच नाहीत, रघूजी रण सोडून गेले. पुढे अडगाव, गाविलगड इथेही हार, आणि 17 डिसेंबरला देवगावचा तह. कटक गेलं, वर्धेच्या पश्चिमेचा मुलूखही गेला. आमच्यातल्या एकाचा आग्रह असतो की हे घोडदळ खेळणाऱ्याच्या मर्जीने धावू द्यावं. मी ते मान्य करत नाही. सहा पडला तरच स्वार हलतील, असं मी वहीत लिहून ठेवलंय. त्यावरून आमची भांडणं अजून चालू आहेत.