रुईखालची माती राखा

गेल्या काही दशकांत सिल्वासाभोवती कारखाने, गोदामे आणि वसाहती उभ्या राहिल्या, डोकमर्डीही शहरातच सामावली. अशा ठिकाणी रुई आणि रानगवत माजलेला तुकडा दिसला की जेसीबी फिरवायचा, ही रीतच पडली आहे. त्या रुईवर जगणारा रंगीत नाकतोडा कुणाच्याच हिशेबात नसतो. तो असायला हवा. शनिवारी मारुतीला जिची माळ घालतात, तीच ही रुई. तिच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषे असल्याने गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. हा नाकतोडा मात्र तिच्यावरच पोसतो आणि अंगावरच्या निळ्या-पिवळ्या पट्ट्यांनी शत्रूला आधीच बजावतो. त्याचे पिल्लू चिमटीत धरले तर पाठीवरच्या फटीतून द्रवाची चिळकांडी उडवते. मादी अंडी घालते ती मात्र जमिनीत. रुई छाटली तर पुन्हा फुटते. माती उकरून वर मुरूम दाबला की नाकतोड्याची पुढची पिढीच गाडली जाते.

हा कीटक देशात बऱ्याच ठिकाणी दिसतो, मग चिंता कशाला, असे कुणी विचारील. उत्तर अमेरिकेतल्या रॉकी पर्वतातील टोळाच्या झुंडींनी १८७५ च्या सुमारास आकाश झाकोळत असे. १९०२ नंतर त्याचा एकही जिवंत नमुना मिळालेला नाही. तो ज्या नदीखोऱ्यांत अंडी घालत असे ती वसाहतवाल्यांनी नांगरली, हे त्याच्या नाशाचे सर्वांत पटणारे कारण मानले जाते. झुंडी अफाट होत्या, अंड्यांच्या जागा मोजक्या. संख्या पाहून निर्धास्त राहणे म्हणूनच धोक्याचे.

शेतकऱ्याचा आक्षेप याहून वजनदार आहे. मे २०२० मध्ये वाळवंटी टोळ अमरावती, नागपूर जिल्ह्यांत घुसले तेव्हाची धास्ती खरी होती. भातावरचा नाकतोडाही नुकसान करतो. कापणीनंतर बांध खरवडून त्याची अंडी नष्ट करण्याला आमची मुळीच हरकत नाही. पण सगळ्या नाकतोड्यांना एकाच मापाने मोजणे चूक आहे. रुईवरचा नाकतोडा पिकांकडे वळतो तो मुख्यतः रुई अपुरी पडली की. तेव्हा रुई उपटून शेतकऱ्याचेही भले होत नाही.

अभयारण्याने हा प्रश्न सुटणार नाही, कारण रुई वाढते ती उघड्या पडिकावर आणि रस्त्याकडेला. तिथे खड्डे खणून रोपे लावण्याचा उत्साहही तितकाच घातक ठरू शकतो. म्हणून सिल्वासा नगरपालिकेने सरकारी मोकळ्या जागांतले काही पट्टे सपाटीकरण, फवारणी आणि वृक्षारोपण या तिन्हींतून वगळावेत. डोकमर्डीतल्या सरकारी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी तिथल्या रुईवरची पिल्ले दरवर्षी मोजून नोंद ठेवावी. यासाठी फारसा खर्च लागत नाही. पुढचा पाऊस पडण्याआधी नगरपालिकेने तसा ठराव करावा.